मोठी ॲडव्हेंचर बाईक, आपले घाट आणि हायवे: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे चार वर्षांपासून बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस आहे, सेकंडहँड घेतलेली, पेट्रोल भरून २४९ किलो. त्याआधी तीन वर्षं रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ होती. सिग्नलला, चहाच्या टपरीवर, पंपावर, कुठेही थांबलो की दोन प्रश्न ठरलेले, "कितीला पडली?" आणि "ॲव्हरेज किती देते?" पहिल्याचं खरं उत्तर मी घरीसुद्धा दिलेलं नाहीये. दुसऱ्याचं उत्तर, ऐंशी-नव्वदने चालवली तर १८ ते २० च्या मधे कुठेतरी. उरलेले प्रश्न मात्र खरंच कामाचे असतात आणि प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून हे एकदाच लिहून टाकतोय.

ॲडव्हेंचर बाईक म्हणजे नक्की काय? नुसती उंच गाडी ना?

उंच सीट, रुंद हँडल, लांब सस्पेन्शन, पुढचं चाक १९ किंवा २१ इंची, मोठी टाकी आणि बसायची पद्धत ताठ, म्हणजे दिवसाला ५०० किमी मारून पाठ शाबूत राहिली पाहिजे आणि रस्ता संपला तरी गाडी थांबायला नको. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस काढली तिथून हा प्रकार सुरू झाला असं धरतात. त्या नावातला जी म्हणजे जर्मनमध्ये उघडं रान आणि एस म्हणजे रस्ता, सगळी कल्पना त्या दोन अक्षरांतच आली. ह्युबेर ओरिओलने १९८१ आणि १९८३ ची वाळवंटातली पॅरिस-डकार रॅली बीएमडब्ल्यूवर जिंकली आणि लोकांना वाटायला लागलं की आपणही वाळवंट पार करू. आपण करतो काय, तर रविवारी वाईला मिसळ खायला जातो. असो.

डकारमध्ये तर कसल्या उडवतात, मग मोठी गाडी ऑफ-रोडला जड कशी काय?

कारण डकारमध्ये मोठ्या गाड्या आता नसतातच. २०११ पासून तिथे बाईकला ४५० सीसीची मर्यादा आहे आणि त्या गाड्या आपल्या मोठ्या गाड्यांपेक्षा शंभरेक किलो हलक्या असतात. २०१५ मध्ये आपला सी. एस. संतोष डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तोही ४५० वरच. म्हणजे जगातले सगळ्यात भारी रायडर सगळ्यात अवघड जागी हलकी गाडी घेऊन जातात आणि आपण ऑफिसात दहा तास बसून, वजन वाढवून, पाव टनाची गाडी मुरुमात घालतो. मी पण त्यातलाच, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये.

मग घेऊ का नको? हिमालयन ४५० घेऊ, हीरोची एक्सपल्स घेऊ की डायरेक्ट मोठी?

आधी स्वतःला विचारा की वर्षातले किती किलोमीटर डांबरावर आणि किती मातीत. माझं उत्तर ९० टक्के डांबर आहे, आणि त्या ९० टक्क्यांत पुणे ते बेंगळुरू एका दिवसात, मागे बायको आणि सामान, हे सगळं मोठी गाडी हसत हसत करते. पण समजा तुम्ही भोर-वेल्ह्याच्या आतल्या रस्त्यांवर, पाणंदीतून, धरणाच्या कडेने एकटेच फिरणार असाल तर एक्सपल्स घ्या, साधारण १६० किलोची आहे, पडली तर एकट्याने उचलता येते आणि गावातल्या मेकॅनिकला ती बघून घाम फुटत नाही. हिमालयन ४५० बरोबर मधे बसते, १९६ किलो, ४० पीएस ताकद, १७ लिटरची टाकी. हायवेला ११०-१२० ने आरामात जाते. केटीएम ३९० ॲडव्हेंचर चपळ आहे आणि ती इथेच चाकणला बनते.

पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या सगळ्या बाईकवर ४० टक्के जीएसटी आहे, खालच्यांवर १८. हा फरक छोटा नाही.

शक्तीचं म्हणाल तर माझ्या गाडीची १३६ हॉर्सपॉवर मातीत कशाला लागते हे मला अजून कळलेलं नाही, सगळा खेळ वजनाचा आहे. खाली जे काय लिहिलंय ते सगळं फिरून फिरून तिथेच येतं, तेव्हा आत्ताच सांगून ठेवतो.

माझी उंची ५ फूट ५ इंच आहे, पाय पुरतील?

दोन्ही पाय सपाट नाही पुरणार, आणि गरजही नाही. एक पाय पुरला की झालं, थांबताना एकच टेकवायचा, दुसरा पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, किंवा ब्रेकवर. सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८०० डीईची सीट ८५५ मिलिमीटरवर आहे, हिमालयन ४५० ची खालच्या सेटिंगला ८२५, शोरूममध्ये जाऊन बूट घालून बसून बघा, चपलेवर नाही. खरा धोका उभं राहण्यात नसून थांबायची जागा निवडण्यात आहे. ज्या बाजूला पाय टेकवणार त्या बाजूला खड्डा किंवा उतार असला की पाय हवेतच राहतो आणि गाडी शांतपणे, अगदी सन्मानाने आडवी होते. माझी पहिली पडझड अशीच झाली, शून्य स्पीडला, सोसायटीच्या गेटसमोर, वॉचमनच्या साक्षीने.

वेगळं लायसन्स लागतं का?

नाही. गिअरवाल्या मोटरसायकलचं लायसन्स असलं की शंभर सीसीची पण चालते आणि तेराशे सीसीची पण. मला विचाराल तर हे बरोबर नाहीये, पण कायदा असाच आहे. त्यामुळे ट्रेनिंग स्वतःहून घ्या. दोन दिवसांचं ऑफ-रोड ट्रेनिंग घेतलं तर तेवढ्याच पैशात घेतलेल्या एक्झॉस्टपेक्षा शंभरपट उपयोगी पडतं, फक्त त्याचा आवाज येत नाही म्हणून लोक घेत नाहीत.

उभं राहून का चालवतात? स्टाइल म्हणून?

स्टाइल पण आहे, खोटं कशाला बोलू. पण मुख्य कारण असं की बसलेलं असताना तुमचं सत्तर-ऐंशी किलो सीटवर असतं आणि गाडी उसळली की तुम्ही तिच्याबरोबर उसळता. उभं राहिलं की तेच वजन पेगवरून, म्हणजे खालून गाडीत जातं, गुडघे-कोपरं स्प्रिंगचं काम करतात आणि गाडी तुमच्या खाली हवी तशी नाचू शकते. शिवाय नजर लांब जाते.

गुडघ्याने टाकी हलकी धरायची, कोपरं बाहेर, हँडल दोन बोटांनी धरल्यासारखं. हँडलला लटकायचं नाही. वळताना गाडी आत झुकवायची आणि स्वतः सरळ राहायचं, वजन बाहेरच्या पेगवर द्यायचं, डांबरावर करतो त्याच्या बरोब्बर उलट. हे कळायला मला वर्ष गेलं, अंगात मुरायला अजून एक.

आणि बघायचं लांब, पुढच्या चाकाकडे नाही. ज्या दगडाकडे बघाल त्या दगडावरच जाल. खोटं वाटत असेल तर करून बघा, पण छोट्या दगडावर.

गाडी पडली की काय करायचं? एकट्याने उचलते का?

उचलते, ताकदीपेक्षा पद्धत लागते. आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. मग दोन मिनिटं काही करायचं नाही, श्वास घ्या, पाणी प्या, कुठे लागलंय का बघा, कारण पडल्यावर अंगात जो जोर येतो त्याच्या भरात उचलायला जाऊन लोक कमरेचं मातेरं करून घेतात. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा आणि पहिला गिअर टाका. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा. आता गाडीकडे पाठ करून खाली बसा, ढुंगण सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने खालची ग्रिप, दुसऱ्या हाताने मागचा रॅक, पाठ ताठ, आणि पायांनी मागे मागे छोटी पावलं टाकत ढकला. डावीकडे पडली असेल तर स्टँड गाडीखाली असतो, तेव्हा उभी होता होता पलीकडे जाणार नाही हे सांभाळा. जीएसला एक फायदा आहे, तिचे सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेत त्यामुळे ती पूर्ण झोपतच नाही, अर्धवट लवंडते. फक्त सिलिंडरला लोखंडी गार्ड पाहिजे, नाहीतर कव्हर फुटून ऑइल जमिनीवर.

भोरच्या पुढे एका पाणंदीत मी बैलगाडीच्या वाळलेल्या चाकोरीत अडकलो होतो. फेब्रुवारीची दुपार, स्पीड असेल पंधरा. पुढचं चाक चाकोरीत, मागचं बाहेर, मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि झोपलो. एकदा उचलली, उतार होता म्हणून परत पडली, दुसऱ्यांदा हातच थरथरायला लागले. तेवढ्यात डोक्यावर गवताचे भारे घेऊन दोन आज्या आल्या. एकीने भारा बांधावर टाकला, पदर खोचला, मागचा रॅक धरला आणि म्हणाली, "एवढी जड कशाला घेतलीस रं बाबा?" गाडी उभी झाली. प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

सांगायचा मुद्दा, एकट्याने आत जाऊ नका. दोन गाड्या तरी असाव्यात, आणि घोट्यापर्यंत नाही तर नडगीपर्यंत येणारे बूट घाला. त्या दिवशी पाय गाडीखाली होता आणि बुटामुळेच वाचला.

एबीएस बंद करायचं का?

डांबरावर कधीच नाही. मोकळ्या खडीवर आणि मुरमाच्या उतारावर मागचं बंद. तिथे चाक लॉक झालं तर त्याच्यापुढे खडीचा छोटा ढीग जमतो आणि तोच गाडी थांबवतो, एबीएस मात्र चाक लॉक होऊच देत नाही म्हणून गाडी उतारावर थांबायचं नावच घेत नाही. पुढचं चालूच ठेवा, पुढचं चाक लॉक झालं की विचार करायला वेळ मिळत नाही. बऱ्याच गाड्यांत चावी बंद करून परत चालू केली की एबीएस आपोआप चालू होतं, त्यामुळे फोटोला थांबलात की निघताना परत तपासा.

टायर कुठले आणि हवा किती?

गाडीबरोबर येतात ते बहुतेक रस्त्याचेच असतात, वर नक्षी खरबडीत असली तरी. थोडंफार मातीत जायचं असेल तर पन्नास-पन्नासवाले, म्हणजे अर्धे डांबराचे अर्धे मातीचे, घ्या, फक्त हायवेवर ते गुणगुणतात, ओल्यात ब्रेकला जरा कमी पडतात आणि लवकर संपतात. पावसाळ्यात कोकणात जायचं आणि सगळा डांबरी रस्ता असेल तर उगाच गाठीवाले टायर लावून मिरवू नका.

हवा, माझ्या गाडीला डांबरावर पुढे ३६ मागे ४२ पीएसआय, थंड टायरला. मातीत पंचविसाच्या आसपास उतरवतो, ग्रिप लगेच कळते. त्याहून खाली गेलात आणि दगड लागला तर रिमला पोचा येतो. आणि परत डांबरावर आलात की भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप डब्यात असू द्या. ट्यूबलेस असेल तर पंक्चर काढायचं पट्टीचं किट पण. ट्यूबवाला टायर असेल तर मात्र चाक काढायची प्रॅक्टिस घरीच करा, अंगणात, चहा घेऊन, कारण आतल्या वाडीतल्या पंक्चरवाल्याकडे एवढ्या जाड टायरची हत्यारं असतीलच असं नाही.

कोकणातली लाल माती, चिखल वगैरे?

ओली लाल माती म्हणजे साबण. टायरच्या खाचा भरल्या की गाठीवाला टायर पण गुळगुळीत होतो. दुसरा गिअर, थ्रॉटल एकसारखा, ब्रेक विसरा, मागचं चाक हलणारच आहे, हलू दे. सगळ्यात वाईट म्हणजे घाबरून थ्रॉटल सोडणं, मग सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि ते रुततं. वाळूत पण हाच नियम, अंग मागे आणि थ्रॉटल उघडा.

मोठ्या गाडीला पुढच्या मडगार्डखाली चिखल अडकतो आणि चाक जाम होतं, तेव्हा काडीने काढत बसावं लागतं. मजा येते, एकदा.

ओढा, फरशी पूल, पाणी, कसं पार करायचं?

आधी चालत जायचं. हो, बुटासकट. जिथे चालायची भीती वाटते तिथे गाडी नेऊ नये, एवढं सोपं आहे. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा वाहतं गढूळ असेल तर मागे फिरा, कोणी बक्षीस देणार नाहीये. पार करायचं ठरलं तर पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर, मधे क्लच दाबून थांबायचं नाही.

फरशी पुलावर घात खोल पाण्याने होत नाही, शेवाळाने होतो. वर चार बोटं पाणी, खाली हिरवं शेवाळ, तिथे हँडल वळवायचं नाही, ब्रेक नाही, सरळ.

आणि गाडी पाण्यात पडून बंद पडली तर बटण दाबू नका! पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर यायला बघतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग इंजिनच खोलावं लागतं. बाहेर ढकला, एअर फिल्टर बघा, प्लग काढून पाणी बाहेर काढा, मग पुढचं.

वरंधा, ताम्हिणी, आंबोली वगैरे पावसात जावं का?

जावं, पण दरड आणि धुकं बघून. वरंधा पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच करतात, निघायच्या आधी चौकशी करा. आंबोलीत वीकेंडला रस्त्यावर गाड्यांपेक्षा सेल्फी जास्त. पहिल्या पावसाचे दोन-तीन दिवस घाटात जाऊ नका, वर्षभराचं ट्रकांचं ऑइल तेव्हा वर येतं. आंबेनळीला वळणं अशी आहेत की एसटी आली की तिला पूर्ण रस्ता लागतो, त्यामुळे तुम्ही तुमच्या बाजूला, कडेला, हॉर्न देत. पहाटे निघा.

हायवेला किती पळवावी?

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चारपदरी हायवेवर दुचाकीला कमाल ताशी ८० किमी, काही ठिकाणी पाट्या त्याहून कमी आहेत. गाडी दोनशेला जाते हे मान्य, पण कागलच्या पुढे दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेने येणारा उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, त्याला तुमच्या गाडीचा टॉर्क माहीत नसतो. हंगामात रात्री तर नाहीच.

ट्रकला ओव्हरटेक करताना त्याच्या शेजारी वारा अडतो आणि पुढे आलात की एकदम आडवा बसतो, मोठ्या विंडशील्डला आणि बाजूच्या डब्यांना जास्तच. हँडल घट्ट धरलं तर थरथर वाढते, तेव्हा हात सैल, पाय घट्ट. हेल्मेटला पुढे उन्हासाठी बाहेर आलेली टोपी असेल तर शंभराच्या पुढे वारा मान मागे खेचतो, लांबच्या हायवेला टोपी काढून ठेवतो मी. क्रूझ कंट्रोल मोकळ्या रस्त्यावर छान, पावसात बंद. आणि खंबाटकीचा बोगदा सोडल्या सोडल्या पुण्याकडे येताना जे वळण होतं त्याने किती गाड्या खाल्ल्या ते सातारकरांना विचारा.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू?

तिन्हीकडे दुचाकीला बंदी. गाडी पंचवीस लाखांची असली तरी. वाद घालून उपयोग नाही, जुना हायवे घ्या. नॅशनल हायवेच्या नाक्यांवर दुचाकीला टोल नाही, डावीकडे एक चिंचोळी वाट असते, पण ती स्प्लेंडर डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे. ॲल्युमिनियमचे डबे लावले असतील तर रुंदी आधी मोजून ठेवा. माझ्या उजव्या डब्यावर त्याची पांढरी-काळी खूण आहे.

सामान कसं बांधायचं?

जड ते खाली आणि पुढे, हलकं वर. हत्यारं, पाणी, पंप सगळं मागच्या टॉप बॉक्सात कोंबलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि गाडी हायवेला डुलते. मातीत जायचं तर कापडी बॅगा, कारण पडताना पाय डब्याखाली गेला की घोटा तुटतो. चेन असेल तर दर ५०० किमीला तेल, चेनऐवजी फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, असेल तर ही कटकट नाही.

रान, पठार, बीच, कुठेही नेता येते का?

नाही ना! राखीव जंगलात परवानगीशिवाय घुसणं गुन्हा आहे. कासच्या फुलांवर चाक घालणाऱ्याला मी रायडर म्हणत नाही. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची घरटी असतात, वरून काही दिसत नाही. गोव्यात बीचवर गाडी घातली तर थेट केस होते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, सायलेन्सर इतका तापलेला असतो की वणवा लागायला वेळ लागत नाही. शेताच्या बांधावरून जायचं असेल तर मालकाला विचारा, नव्याण्णव टक्के वेळा तो जा म्हणतो आणि वर चहा देतो.

सागरी मार्गाने जाताना फेरीबोटीत ही गाडी चढते का?

चढते, बसपण चढते मग ही काय. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, बागमांडले-वेश्वी, सगळीकडे नेलीये. रॅम्पच्या लोखंडी पत्र्यावर आडव्या पट्ट्या असतात आणि त्या कायम ओल्या. ओहोटीला रॅम्प जास्त तिरका होतो. खाली थांबून पुढचा माणूस वर पूर्ण जाऊ द्यायचा, मग पहिल्या गिअरमध्ये एका दमात, मधे थांबायचं नाही, कारण तिरक्या ओल्या पत्र्यावर ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसाचा पाय टेकत नाही. वर गेल्यावर पहिल्या गिअरमध्येच बंद करा, साइड स्टँड लावा आणि गाडीपाशीच उभे राहा, फोटो नंतर. दाभोळला एकदा बोटीवरच्या पोराने न सांगता मागच्या चाकाला लाकडाचा ठोकळा लावला आणि पंधरा मिनिटं सीटवर हात ठेवून उभा राहिला, वाटलं माझ्या गाडीची काळजी करतोय. उतरताना कळलं की ती पडली तर शेजारच्या मासेवालीच्या टोपल्यांवर पडली असती. उतरायची घाई करू नका, रॅम्प खाली टेकल्याचा धप्प आवाज आला, पायी माणसं गेली, की मग चावी फिरवा.